चिक्की पौष्टिक कधी ठरली?

जत्रेत पूर्वी जी गुडदाणी मिळायची, तिला पौष्टिक वगैरे कुणी म्हणत नसे. ती गोड होती, टिकाऊ होती आणि पैशा-दोन पैशांत मूठभर यायची. आज त्याच पदार्थाच्या, म्हणजे चिक्कीच्या पाकिटावर प्रोटीन, लोह, एनर्जी असे शब्द छापलेले असतात. दाणा तोच आणि गूळही तोच. मग ही बढती झाली कधी?

यातला जुना भिडू तीळ. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत, म्हणजे या भूमीशी त्याची ओळख चार हजार वर्षांहून जुनी. तिळगुळाला संक्रांतीचा मान मिळाला तो उगाच नाही. शेंगदाणा मात्र पाहुणा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला आणि एकोणिसाव्या शतकात त्याची लागवड आपल्याकडे फोफावली. हा पाहुणा घरात इतका मुरला की साबुदाणा-बटाट्याच्या जोडीने थेट उपवासाच्या पानात जाऊन बसला. तिन्ही परदेशी, तिन्ही उपवासाला चालणारे! त्यामुळे चिक्कीही उपवासाला चालते.

लोणावळ्याशी चिक्कीचं नाव जोडलं गेलं ते रेल्वेमुळे. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. घाटात राबणाऱ्या मजुरांना गुडदाणी विकली जायची आणि पुढे तिचीच चिक्की झाली, अशी गोष्ट लोणावळ्यात सांगतात. गोष्टीला थोडी झिलई चढली असेल, पण तिच्यामागचा हिशेब पक्का आहे. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला तीन-साडेतीन हजार कॅलरी लागतात. खिशात मावेल, उन्हात नासणार नाही आणि चूल न पेटवता खाता येईल असं अन्न त्याला हवं असतं. गुडदाणीत हे सगळं होतं. शिवाय घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन लोणावळ्यात सोडवत, तेवढा वेळ गाडी थांबे आणि प्रवासी खिडकीतून चिक्की घेत. खाणारा बदलायला सुरुवात झाली ती इथेच. दगड फोडणाऱ्याच्या जागी बाकावर बसून प्रवास करणारा आला.

दाण्याला ‘प्रोटीनवाला’ ही ओळख मिळाली विसाव्या शतकात. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की 1918 च्या सुमारास त्यांचा मुख्य आहार शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू हा होता. ते प्रमाणाबाहेर खाल्लं आणि प्रकृतीवर बेतलं, हेही त्यांनीच कबूल केलंय. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने 75 टक्के शेंगदाण्याचं पीठ आणि 25 टक्के फुटाण्याचं पीठ एकत्र करून, त्यात जीवनसत्त्वं घालून कुपोषणावर स्वस्त पूरक अन्न तयार केलं. गरिबाचा बदाम म्हणतात तो हाच दाणा. पण त्या पिठात गूळ नव्हता, ही गोष्ट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली.

जरा आकडे मांडू. 100 ग्रॅम कच्च्या दाण्यात साधारण 567 कॅलरी, 26 ग्रॅम प्रथिनं आणि 49 ग्रॅम स्निग्धांश असतात. दाणे आणि गूळ निम्मे-निम्मे धरले, तर 30 ग्रॅम चिक्कीत सुमारे 140 कॅलरी आणि जेमतेम 4 ग्रॅम प्रथिनं येतात. साखर 13-14 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 2015 पासून सांगते आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत असावी, आणि 5 टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. हे 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. 30 ग्रॅम चिक्कीत, म्हणजे दोन-तीन वड्यांतच त्यातली निम्मी संपते. गूळ नैसर्गिक म्हणून या हिशेबातून सुटत नाही.

आणि गुळातलं लोह? काहिलीत आटवलेल्या गुळात ते थोडं असतं खरं. 100 ग्रॅमला 5 मिलिग्रॅम धरलं तरी चिक्कीच्या 15 ग्रॅम गुळातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. भारतीय स्त्रीसाठी 2020 ची शिफारस रोज 29 मिलिग्रॅमची आहे. ‘रक्त वाढतं म्हणून गूळ खा’ हे आजीचं सांगणं प्रेमापोटीचं, त्यात हिशेब नाही.

मग चिक्की वाईट का? मुळीच नाही. 1996 मध्ये आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच डॉक्टरांनी तीव्र कुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याची गोड पेस्ट तयार केली. 92 ग्रॅमच्या पुडीत 500 कॅलरी आणि जवळपास 13 ग्रॅम प्रथिनं. तेवढ्याच वजनाच्या चिक्कीचे आकडे काढले तर 435 कॅलरी आणि 12 ग्रॅम येतात, म्हणजे चुलतबहीणच म्हणायची. फरक आहे तो दूध भुकटीचा आणि मोजून घातलेल्या जीवनसत्त्व-खनिजांचा. दाण्याच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो. ही उणीव दूध भरून काढतं, गूळ नाही. ही पुडी देतात तीही रोग्याला, औषधासारखी मोजून.

आपल्याकडे सरकारी खाऊतही चिक्की आली. 2015 मध्ये अंगणवाड्यांच्या चिक्की खरेदीवरून महाराष्ट्रात गदारोळ झाला, पण चर्चा रंगली निविदांची आणि दर्जाची. मुळात चिक्की द्यावी का, हे बाजूलाच राहिलं. कर्नाटकात अंडं न खाणाऱ्या शाळकरी मुलांना केळं किंवा चिक्की मिळे. तिथे 2025 च्या सुरुवातीला चिक्की बंद झाली, आणि दिलेल्या कारणांत साखर होती.

दर्जाचा मुद्दाही फुटकळ नाही. इंग्लंडमध्ये 1960 साली लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीतून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आलं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा निवडून फेकायचा, तो पाकात लपवायचा नाही.

घरी करणाऱ्याला चिक्कीचा गूळ वेगळा मागावा लागतो, आणि पाण्यात टाकलेला पाकाचा थेंब कट्कन मोडेपर्यंत थांबावं लागतं. दाणे गुळाच्या दीडपट घातले तरी वडी बसते, फक्त हात चालाखीने चालवावा लागतो. दुकानातली घेताना पाकीट उलटून पाहावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलं नाव दाण्याचं आहे की साखरेचं, आणि खाली कुठे लिक्विड ग्लुकोज, म्हणजे पातळ साखरच, आहे का, एवढं पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.