मॅनर वेगळं, मॅनर हाऊस वेगळं, कंट्री हाऊस त्याहून वेगळं

इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांची हॉटेलं झाली, त्यांच्यावर मराठीत लिहिताना मॅनर हाऊस आणि कंट्री हाऊस हे शब्द सर्रास अदलाबदल करून वापरले जातात. वर दोन्हींना ‘राजवाडा’ म्हणतात, ते तर साफ चूक.

कंट्री हाऊस मालिकांमुळे ओळखीचं आहे: खेड्यातलं सरदार-धनिकांचं भलंमोठं निवासस्थान. बकिंगहॅमशरमधलं क्लिव्हडन घ्या. 1795 आणि 1849 च्या आगींनंतर वास्तुविशारद चार्ल्स बॅरीने आजची इमारत उभारली. 1893 मध्ये ती अ‍ॅस्टर कुटुंबाकडे आली, 1942 मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. मालकी अजून ट्रस्टचीच, हॉटेल भाडेपट्ट्यावर.

खरी गफलत मॅनर या शब्दाशी होते. मॅनर ही इमारतच नव्हे, तो जमिनीवरचा आणि कुळांवरचा हक्क. पाटीलकीचं वतन आणि पाटलाचा वाडा यांत जो फरक, तोच इथे. (काहीजण ‘जहागीर’ म्हणतात, मला वंशपरंपरेमुळे वतन जवळचं वाटतं.) काही जमीन मॅनरचा मालक स्वतः कसून घेई, बाकीची कुळांकडे असे. कुळाचं नाव मॅनरच्या कोर्टाच्या दप्तरात चढे आणि त्या नोंदीची नक्कल कुळाला मिळे. जमिनीचा पुरावा ती नक्कलच, म्हणून या धारणेचं नाव कॉपीहोल्ड. कूळ मेलं की वारसाने कोर्टात येऊन नजराणा भरायचा. बऱ्याच ठिकाणी गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावरही मालकाकडे जाई. हे कोर्ट पुष्कळदा मालकाच्या घरातल्या मोठ्या दालनात भरे. ते घर म्हणजे मॅनर हाऊस. ते भव्य असायलाच हवं असं नाही. कित्येक मॅनर हाऊस मोठ्या शेतघराएवढीच आहेत.

हॉटेलच्या इतिहासात चूक होते ती इथेच. ‘1086 च्या डोम्सडे बुकात उल्लेख’ असं वाचून (हे बुक म्हणजे तेव्हाच्या जमिनींची राजाने करवलेली नोंदवही) इमारतच हजार वर्षांची ठरवली जाते. नोंद मॅनरची असते. भिंती बहुधा कित्येक शतकांनी नंतरच्या.

नावावरही जाऊ नका. वॉडेस्डन मॅनर (हे हॉटेल नाही) बँकर घराण्यातल्या फर्डिनांड डी रोथशिल्डने 1874 मध्ये जमीन घेऊन उघड्या टेकडीवर फ्रेंच शातोच्या (सरदारी वाड्याच्या) धर्तीवर नव्याने बांधलं. ते नखशिखांत कंट्री हाऊस आहे.

1922 च्या कायद्याने 1 जानेवारी 1926 पासून कॉपीहोल्ड संपलं, पण ‘लॉर्ड ऑफ द मॅनर’ हा हक्क उरला आणि तो वेगळा विकला जातो. म्हणून हॉटेलचा मालक आपोआप लॉर्ड ऑफ द मॅनर होत नाही. हा हक्क विकत घेणाऱ्याला घर मिळत नाही, उमरावपदही नाही. 13 ऑक्टोबर 2003 पासून असे हक्क जमीन नोंदणी कार्यालयात नव्याने नोंदवताही येत नाहीत.

खात्री करायची तर आधी नॅशनल आर्काइव्हजच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये (मॅनरच्या कागदपत्रांच्या सूचीत) मॅनरचं नाव शोधा. कोर्टाची दप्तरं सापडली तर मॅनर होतं एवढंच सिद्ध होतं. एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) दोन-तीन मॅनर असू शकतात, म्हणून हेच घर त्यातल्या कोणाचं मुख्य ठाणं होतं का, हे खरेदीखतांतून पाहावं लागतं. तिथे ‘कॅपिटल मेसुएज’ (म्हणजे मॅनरचं मुख्य घर) हा शब्द शोधा. भिंतींचं वय मात्र हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या वारसा यादीतल्या वर्णनावरून ठरवा, हॉटेलच्या माहितीपत्रकावरून नको.