कोपान
होंडुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वातेमालाच्या सीमेलगत, कोपान नदीच्या सुपीक खोऱ्यात असलेली, मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांच्या एका राज्याची राजधानी. इ. स. ४२६ मध्ये किनिच याश कुक मो याने येथे राजवंश स्थापन केला. त्याचा मानला जाणारा सांगाडा रासायनिकदृष्ट्या तपासला असता तो परमुलखात वाढलेला असावा, असे दिसते. त्याच्यापासून चारशे वर्षे हे राज्य टिकले.

तेराव्या राजाच्या काळात कोपानचे शिल्प ऐन भरात होते. मोताग्वा नदीकाठचे किरिग्वा हे राज्य तेव्हा कोपानचे मांडलिक होते. तिथला राजा काक तिलिव याला या तेराव्या राजानेच गादीवर बसवले होते. ७३८ मध्ये काक तिलिवनेच आपल्या या सार्वभौमाला पकडून शिरच्छेद केला. हा घाव वर्मी बसला, पण राज्य लगेच बुडाले नाही. पंधराव्या राजाने पूर्वजांच्या पराक्रमाची गाथा कोरलेला भव्य जिना पुरा केला. सुमारे २,२०० चित्राक्षरांचा हा मायांचा सर्वांत मोठा शिलालेख. तो पुढे ढासळला आणि १९३० च्या दशकात पुन्हा रचताना, लिपी उलगडलेली नसल्यामुळे, बऱ्याच दगडांचा क्रम चुकला.

सोळावा राजा याश पासाह याने ७७६ मध्ये उभारलेल्या चौकोनी वेदीवर चारही बाजूंना चार-चार राजे बसलेले आहेत आणि मूळपुरुष स्वतः त्याच्या हाती राजचिन्ह देत आहे. शेजारच्या खड्ड्यात पंधरा जग्वारांची हाडे सापडली : प्रत्येक पूर्वजासाठी एक. वंशाची इतकी जाहिरात करावी लागणे हेच सत्ता डळमळल्याचे लक्षण म्हणावे लागेल. उकित तोक या दावेदाराची ८२२ सालची वेदी तर अर्धवटच राहिली. एक बाजू कोरून झाली, दुसरीला नुसता हात लागला, बाकीच्या कोऱ्या.

ऱ्हासाचे खापर दुष्काळ, जंगलतोड किंवा युद्ध यांपैकी एकावरच फोडता येत नाही. उत्तरकाळातील सांगाड्यांवर कुपोषणाच्या खुणा आहेत. जंगल किती तुटले याबाबत मात्र परागकणांचे पुरावे आपसांत जुळत नाहीत. आधी राजसत्ता गेली. शेतकरी कुटुंबे त्यानंतरही खोऱ्यात राहत होती, वस्ती हळूहळू विरळ झाली.

१९८० मध्ये युनेस्कोने कोपानला जागतिक वारसा यादीत घेतले. नदीने राजवाड्याच्या उंचवट्याची पूर्व बाजू कापून नेली होती, म्हणून १९३० च्या दशकात तिचा प्रवाह वळवावा लागला. मात्र त्याच उघड्या पडलेल्या कडेमुळे एकावर एक बांधलेल्या इमारतींचे थर संशोधकांना आयतेच दिसले.