गढीतल्या पेवात दिवा का विझतो?

वऱ्हाडातली जुनी गढी पाहायला गेलं की भुताच्या गोष्टी आपसूक कानावर येतात. माडीवर रात्री कुणीतरी चालतं, पडक्या देवडीत बाई किंचाळते. यातल्या बऱ्याच गोष्टी सहज उलगडतात. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांना तापलेल्या सागवानी तुळया रात्री गार होताना आकसतात आणि सांध्यांतून कडकड आवाज येतो. किंचाळी असते गव्हाणी घुबडाची. त्याच्या पिसांना मऊ झालर असल्याने उडताना चाहूल लागत नाही आणि पांढरा चेहरा एकदम समोर येतो.

पेवाची, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याची, गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिथलं भूत खरंच माणसाचा जीव घेतं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गढीत मी असं पेव पाहिलं. अंगणाच्या कोपऱ्यात जेमतेम माणूस शिरेल एवढं तोंड, त्यावर दगडी शिळा, कडेला वाळलेल्या चिखलाचा लेप अजून चिकटलेला. खाली पोट ऐसपैस. काळ्या जमिनीत पाणी मुरतं, म्हणून पेव गढीच्या पांढऱ्या मातीत खोदायचे, कडेने कडबा लावायचे आणि ज्वारी भरून तोंड लिंपून टाकायचे. वाडा राखणाऱ्या आजोबांनी शिळेला हात लावू दिला, पण बजावलं, "पेव रिकामं दिसते, पण खाली उतरू नोका बाप्पा. दिवा इझते तिथं." खाली धनाचा हंडा आहे आणि त्याचा राखणदार उतरणाऱ्याच्या छातीवर बसतो, अशी गावातली समजूत.

ज्वारीचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद पेवात दाणे, किडे आणि बुरशी मिळून ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. ऑक्सिजन घटला की सोंडे मरतात, धान्य टिकतं. आपल्या पूर्वजांची ही साठवण शास्त्राला धरूनच होती. पण हीच हवा माणसालाही मारक. धान्य काढल्यावरही उरलेले दाणे आणि ओला कडबा कुजत राहतात. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. त्यात उन्हाळ्यात पेवातली हवा बाहेरच्यापेक्षा गार असते, म्हणून ती वर चढत नाही, तळाशीच साचते.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की दिवा विझतो. आणि कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांवर गेला, तर काही मिनिटांतच शुद्ध हरपते.

मग छातीवर बसणारा तो राखणदार? रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त आम्लधर्मी होतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी ते टिपतात, धाप लागते, छाती दडपते आणि जीव घाबराघुबरा होतो. ही भीती किती खोल आहे, ते अमेरिकेतल्या एका रुग्ण बाईमुळे कळलं. शास्त्रीय लिखाणात तिला 'एस. एम.' म्हणतात. दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूतला भीतीशी निगडित 'अमिग्डाला' हा भाग निकामी झाला होता. साप हाताळताना ती डगमगली नाही. केंटकीतल्या वेव्हर्ली हिल्स या भुताटकीसाठी प्रसिद्ध जुन्या इस्पितळातही ती बिनधास्त पुढे चालत राहिली. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला, तेव्हा मात्र ती जिवाच्या आकांताने घाबरली. २०१३ मध्ये ते निष्कर्ष आले. भूतबंगला जिला हलवू शकला नाही, तिला या वायूने हलवलं. पेवात उतरलेल्या माणसाला छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं, तर ते खोटं नव्हतं. शरीर त्याला बाहेर पळ म्हणत होतं.

म्हणून आजोबांचा इशारा मला मोलाचा वाटतो. फक्त दिव्यावर भिस्त ठेवता येत नाही. कार्बन डायऑक्साइड ४ टक्के झाला तरी ज्योत तग धरू शकते, आणि एवढं प्रमाणही माणसाला धोक्याचं आहे. गढी पाहताना पेवाचं तोंड उघडं दिसलं तर पोरांना लांब ठेवा. कुणी आत पडलंच, तर त्याच्यामागे उतरू नका. अशा अपघातांत वाचवायला गेलेलाही अनेकदा तिथेच कोसळतो. ११२ ला फोन करा आणि श्वसनयंत्र घेतलेली माणसं येईपर्यंत वरून दोर सोडा.