ट्रॅक्टरचा लॉक आणि पिकअपची एलएसडी

"ट्रॅक्टरला टाचंखाली लॉक असतोय, तेच न्हवं का हे?" खोकं उघडायच्या आधीच दाजींनी निकाल देऊन टाकला. मृगाच्या पावसात त्यांची पिकअप पाणंदीत दोनदा रुतली, दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. म्हणून हे एलएसडीचं, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचं पार्सल. बसवायचं घरच्या शेडात, आणि हात माझे.

मी म्हटलं, "दाजी, तुमचा लॉक वेगळा, ही वेगळी."

आधी मूळ अडचण. बैलगाडीची चाकं आपापली फिरतात, त्यामुळं वळताना कुरकुर होत नाही. पिकअपच्या मागच्या चाकांना इंजिन फिरवतं, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. ही सवलत डिफरन्शियल देतं. पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ, म्हणजे टॉर्क, देतं. रुतलेली गाडी बघून सगळे म्हणतात की ताकद फिरणाऱ्या चाकाकडं पळाली. तसं नसतं. चिखलातलं चाक 100 न्यूटन-मीटरला घसरत असेल, तर कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच 100 मिळतो. एकूण 200. भरलेली पिकअप त्यात कशाला हलते?

ट्रॅक्टरचा लॉक हा हिशेबच मोडतो. पेडल दाबलं की दोन्ही बाजू एकमेकींना जखडल्या जातात, चाकं एकाच वेगानं फिरतात. एक चाक हवेत असलं तरी दुसरं जमिनीत पकड असेल तेवढं ओढतं. त्याची किंमत वळताना मोजावी लागते. बांधाशी वळायच्या आधी ड्रायव्हर पेडलवरची टाच काढतो, नाहीतर टायर घासतात आणि एक्सलवर नको तो ताण येतो. हे दाजींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एलएसडी जखडत नाही, अडवते. एका प्रकारात क्लचसारख्या प्लेटा असतात. एक चाक जास्त पळायला लागलं की त्या घासून त्याला आवरतात आणि पीळ दुसऱ्याकडं वळतो. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ टॉर्सनमध्ये, प्लेटा नसतात, तिरप्या दात्यांचे गिअर हेच काम करतात. गिअरवालीचं प्रमाण समजा तीनास एक आहे. मग चिखलातलं चाक 100 घेत असताना दुसऱ्याला 300 मिळू शकतात, एकूण 400. 200 वरून 400, हा फरक पाणंदीत कळतो.

पण चाक पूर्ण हवेत गेलं, तर? शून्याची तिप्पट शून्यच. प्लेटांच्या एलएसडीत स्प्रिंगचा दाब असतो म्हणून थोडं तरी पुढं जातं, गिअरवाली मात्र जवळपास हात टेकते. तिथं जुनी युक्ती आहे: हॅंडब्रेक हलका ओढायचा. मोकळ्या चाकाला विरोध मिळतो आणि त्याची तिप्पट दुसऱ्याकडं जाते. लॉकला ही कसरत लागत नाही.

मध्येच एक तिसरा भिडू घोळ घालतो. 2020 च्या महिंद्रा थारमध्ये मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळतं. पेडल नाही, बटण नाही, म्हणून लोक त्यालाही एलएसडीच म्हणतात. पण चाकांच्या वेगात ठराविक फरक पडला की ते आपोआप पूर्ण जखडतं. बटण दिसत नाही म्हणून ती एलएसडी होत नाही.

आता घरी बसवण्याचं. एलएसडी बहुधा अख्ख्या केससकट, म्हणजे बाहेरच्या डब्यासकट, येते. तेल काढा, एक्सल ओढा, बेअरिंगच्या कॅपना डावी-उजवी खूण करा (अदलाबदल झाली की संपलं), जुन्या केसवरचं क्राउन, म्हणजे मोठा गोल गिअर, नव्यावर चढवा. इथपर्यंत शेडात होतं. पुढं क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, यांच्यातली ढील, म्हणजे बॅकलॅश, शिम (पातळ चकत्या) घालून बसवायची असते, आणि ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. अंदाजानं शिम घातलेलं क्राउन आधी केकाटतं, मग दात खातं. माझ्याकडं ती मोजायचं डायल गेज नाही. तेवढं काम मी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नेतो, त्यात कमीपणा वाटत नाही. प्लेटांची एलएसडी असेल तर गिअर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटा अडखळत घासू नयेत म्हणूनचं मिश्रण, घालायचा. विसरलात तर वळताना मागून थरथर येते.

घरात खरोखर बसतो तो छोटा लॉकर. तो जुन्या केसमध्येच, आतले छोटे गिअर काढून त्यांच्या जागी बसतो. क्राउनला हात लागत नाही, ढील बदलत नाही. पण स्वभावानं तो लॉक आहे: जोर लावला की जखडतो, वळताना बाहेरचं चाक सुटून कट-कट वाजतं. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं. भर पावसात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना वळणावर पाय जरा जड पडला, तर मागं एकदम सरकू शकतं. एलएसडीही सरकते, पण ती इतकी अचानक नसते.

आणि एक सूचना दोन्हींना लागू. एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये कधीच फिरवू नका. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतलं चाक नुसतं गरगरतं. यांत जमिनीवरचं चाकही ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर खोकं फोडलं. बिलावर ठळक एलएसडी. आत प्लेटा नाहीत, केस नाही, तिरपे गिअर नाहीत. दातेरी दोन भाग, चार पिना, स्प्रिंगा.

दाजींनी एक भाग उचलून उलटसुलट केला. "म्हंजे लॉकच की. मी काय म्हणत होतो?"

त्यांची गाडी आठवड्यातून दोनदा करूळ घाट उतरते. मी खोकं परत चिकटवलं.