अर्धवट बिघाडाचा शोध

संगणक पूर्ण बंद पडला, तर ते कळायला वेगळी यंत्रणा लागत नाही. संकेतस्थळ उघडत नाही आणि तक्रारी सुरू होतात. अवघड असते ते अर्धवट बिघडलेले यंत्र ओळखणे. सर्व्हर चालू असतो, पण शंभरातल्या एका माणसाचे काम अडकते. डेटाबेस नव्या नोंदी स्वीकारतो, पण त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर काही मिनिटे उशिरा पोहोचते. रात्रीचा बॅकअप ठरल्या वेळी सुरू होतो आणि काहीही न साठवता संपतो. सर्व्हर, डेटाबेस आणि ॲप्लिकेशन यांच्या प्रकृतीवर देखरेख ठेवण्याचे जे तंत्र गेल्या काही दशकांत विकसित झाले, त्यातले बरेचसे कौशल्य हा अर्धवट बिघाड पकडण्यातच खर्ची पडले आहे.

देखरेखीची जुनी आणि आजही वापरात असलेली रीत म्हणजे ठरावीक वेळाने यंत्राला हाक मारून पाहणे. १९९९ मध्ये सुरू झालेली आणि पुढे नागिओस या नावाने ओळखली जाऊ लागलेली मुक्त प्रणाली मुख्यतः हेच काम करते. प्रत्येक तपासणीचा निकाल ‘ठीक’, ‘इशारा’, ‘गंभीर’ किंवा ‘अज्ञात’ असा लागतो. पण हाकेला ओ देणारे यंत्र काम करत असतेच असे नाही. मागचा डेटाबेस बंद पडलेला असतानाही वेब सर्व्हर आधी साठवून ठेवलेले मुखपृष्ठ बिनबोभाट दाखवत राहू शकतो. म्हणून हाकेच्या जोडीला मोजमाप आले. प्रत्येक सर्व्हर काही आकडे सतत वाढवत ठेवतो: आतापर्यंत किती विनंत्या आल्या, त्यांतल्या किती फसल्या, डिस्कवरून किती बाइट वाचले. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेली प्रोमेथियस ही प्रणाली असे आकडे ठरावीक अंतराने सर्व्हरकडून स्वतः ओढून घेते आणि वेळेसह नोंदवून ठेवते. हे आकडे फक्त वाढणारे ठेवण्यामागे एक शहाणपण आहे. मधले एखादे वाचन हुकले, तरी त्या काळात आलेल्या विनंत्या पुढच्या वाचनात मोजल्या जातातच; गमावतो तो फक्त बारकावा, एकूण हिशेब नव्हे.

बारकावा गमावणे मात्र कधी कधी महागात पडते. दर मिनिटाला एकदा वाचन घेतले आणि त्या मिनिटातले पाच सेकंद प्रोसेसर पूर्ण व्यापलेला असला, तर आलेखावर त्या पाच सेकंदांचा उंच सुळका दिसत नाही, फक्त किंचितसा चढ दिसतो. जुनी माहिती साठवताना हीच गोष्ट पुन्हा घडते. १९९९ मध्येच आलेल्या आरआरडीटूल या साधनाने ठरावीक आकाराच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षांची माहिती मावेल अशी सोय केली. त्यासाठी जुनी वाचने एकत्र करून बहुधा त्यांची सरासरी ठेवली जाते. त्यामुळे मागच्या वर्षीचे आलेख नेहमीच या आठवड्याच्या आलेखांपेक्षा शांत भासतात, आणि ‘पूर्वी असे होत नव्हते’ हा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या शांततेचे मूळ तपासलेले बरे.

सरासरीविषयीची तक्रार येथे संपत नाही. समजा, शंभर विनंत्यांपैकी नव्याण्णव विनंत्यांना ५० मिलिसेकंदांत उत्तर मिळाले आणि एकीला ५ सेकंद लागले. सरासरी येते साधारण १०० मिलिसेकंद, म्हणजे कुणाच्याच वाट्याला न आलेला आकडा. नव्याण्णव जणांना तो आहे त्यापेक्षा वाईट चित्र दाखवतो आणि शंभराव्या माणसाचे हाल पूर्णपणे झाकतो. म्हणून अनुभवी अभियंते सरासरीऐवजी पर्सेंटाइल पाहतात: निम्म्या विनंत्या किती वेळात संपल्या, ९५ टक्के किती वेळात, ९९ टक्के किती वेळात. शेवटचा एक टक्का नगण्य वाटतो. पण जेफ्री डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो या गूगलमधील दोन अभियंत्यांनी २०१३ च्या लेखात दाखवलेले गणित विचारात पाडणारे आहे. एका पानासाठी शंभर सर्व्हरांकडून माहिती गोळा करावी लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेत असेल, तर संपूर्ण पानाला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागण्याची शक्यता ६३ टक्के होते, कारण पान पूर्ण होण्यासाठी सर्वांत मंद उत्तराची वाट पाहावी लागते. प्रत्येक सर्व्हरचा आलेख स्वतंत्रपणे पाहिला, तर त्यात काहीही वावगे आढळणार नाही.

पर्सेंटाइलमध्येही एक खाचखळगा आहे. दोन सर्व्हरांचे ९९ टक्क्यांचे आकडे घेऊन त्यांची सरासरी काढली, तर जे मिळते ते दोघांचे मिळून पर्सेंटाइल नसते. त्याला काहीच अर्थ नसतो. तरीही असे आलेख वाटते त्याहून जास्त ठिकाणी लावलेले असतात. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक सर्व्हरने अंतिम आकडा न देता, १० मिलिसेकंदांपर्यंत इतक्या विनंत्या, ५० पर्यंत इतक्या, १०० पर्यंत इतक्या, अशी गटवार मोजणी द्यायची. मोजण्यांची बेरीज करता येते आणि त्या बेरजेवरून सर्वांचे मिळून पर्सेंटाइल काढता येते, अर्थात गटांच्या सीमा जितक्या बारीक तितकेच ते अचूक असते.

आता यंत्र किती व्यापलेले आहे, या प्रश्नाकडे वळू. प्रोसेसर ९० टक्के कामात आहे हे वाचून पैसा वसूल झाल्याचा आनंद होण्याची शक्यता असते. रांगांचे गणित त्यावर विरजण घालते. या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर क्रारुप अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ पासूनच्या आपल्या लेखांत घातला. कामे अनियमित अंतराने येत असतील, त्यांना लागणारा वेळही अनियमित असेल आणि ती करणारा एकच असेल, अशा सर्वांत साध्या प्रारूपात यंत्र ५० टक्के व्यापलेले असताना काम पुरे व्हायला मोकळ्या यंत्राच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे ९० वरून ९५ टक्क्यांवर जाणारी रेषा आलेखावर जेमतेम हललेली दिसते आणि प्रत्यक्षात वाट पाहण्याचा काळ दुप्पट झालेला असतो. अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रात हा चढ उशिरा सुरू होतो, पण सुरू झाला की तितकाच तीव्र असतो. त्यामुळे किती टक्के व्यापले यापेक्षा रांगेत किती कामे तिष्ठत आहेत हे मोजणे अधिक उपयोगाचे ठरते. लिनक्स या कार्यप्रणालीवर १, ५ आणि १५ मिनिटांसाठी दाखवला जाणारा ‘लोड ॲव्हरेज’ काहीसा याच जातीचा आकडा आहे. मात्र त्यात प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबर डिस्कच्या उत्तरासाठी अडकून पडलेली कामेही धरली जातात. म्हणून कधी कधी तो आकडा वीसवर गेलेला असतो आणि प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा बसलेला असतो.

डेटाबेसच्या बाबतीत रांगांचे आणखी एक सूत्र फार कामी येते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली: एका वेळी आत असलेल्या कामांची सरासरी संख्या ही कामे येण्याचा वेग आणि प्रत्येक काम आत राहण्याचा सरासरी वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. एखाद्या ॲप्लिकेशनकडून डेटाबेसला दर सेकंदाला २०० क्वेरी, म्हणजे माहितीच्या मागण्या, जात असतील आणि प्रत्येकीला ०.०५ सेकंद लागत असेल, तर, प्रत्येक क्वेरी डेटाबेसशी असलेली एक जोडणी अडवत असल्याने, सरासरी १० जोडण्या वापरात राहतील. मग कुणीतरी डेटाबेसमधल्या तक्त्याची रचना बदलतो, नोंदी चटकन शोधून देणारी एक सूची, म्हणजे इंडेक्स, निघून जातो आणि तीच क्वेरी ०.५ सेकंद घेऊ लागते. आता एकाच वेळी १०० जोडण्या लागतात, आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत मूळ मर्यादाच १०० जोडण्यांची असते. वापरणाऱ्याला दिसते ते ‘जोडणी उपलब्ध नाही’ असे. घाईने मर्यादा ३०० केली, तर तेवढ्याच प्रोसेसर आणि डिस्कवर तिप्पट कामांची झुंबड उडते आणि प्रत्येक क्वेरी आणखी मंदावते. मूळ दुखणे हरवलेल्या इंडेक्सचे होते. जोडण्यांचा आलेख त्याचे लक्षण तेवढे दाखवत होता.

ते मूळ शोधण्यासाठी क्वेरींचा हिशेब ठेवावा लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत मंद क्वेरींची नोंद ठेवण्याची सोय आहे, पण ती आपणहून सुरू करावी लागते आणि मंद म्हणजे १० सेकंदांपेक्षा जास्त, अशी तिची मूळ व्याख्या फारच उदार आहे. शिवाय सर्वांत मंद क्वेरी सर्वांत त्रासदायक असतेच असे नाही. रात्री एकदा चालणारी १२ सेकंदांची क्वेरी कुणाच्या वाटेत येत नाही. पण २० मिलिसेकंदांची एखादी क्वेरी तासाला एक लाख वेळा चालत असेल, तर ती त्या तासात डेटाबेसचे २००० सेकंद खाते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या क्वेरीने एकूण किती वेळ घेतला, हे पाहायचे असते.

काही धोके तर इतक्या सावकाश येतात की लक्षणच दिसत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक लिहिणाऱ्या व्यवहाराला, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या बदलांच्या संचाला, ३२ बिटांचा क्रमांक देते आणि जुने-नवे ओळखण्यासाठी त्यांतले सुमारे दोन अब्ज क्रमांकच एका वेळी वापरता येतात. पार्श्वभूमीवर चालणारी सफाई जुन्या नोंदी ‘गोठवून’, म्हणजे त्या कायमच्या जुन्या ठरवून, क्रमांक पुन्हा मोकळे करत राहते. ही सफाई काही कारणाने अडली, तर कित्येक आठवडे सर्व काही पूर्ववत चालते, आणि मर्यादा जवळ येताच डेटाबेस नवे लेखन नाकारतो. सर्वांत जुन्या न गोठवलेल्या क्रमांकाचे वय दाखवणारा एक आलेख असला, तर हा प्रसंग महिनाभर आधी दिसतो.

मोजायच्या गोष्टींची यादी अशी वाढत जाते, तेव्हा कोणत्या आकड्यासाठी माणसाला झोपेतून उठवायचे हे ठरवावे लागते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात चार गोष्टी पुढे ठेवल्या: उत्तराला लागणारा वेळ, मागणीचे प्रमाण, चुकांचे प्रमाण आणि क्षमता कितपत भरली आहे ते. त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टी एकत्र पाहिल्या नाहीत, तर गमतीदार फसगत होते. डेटाबेस बंद पडल्यावर ॲप्लिकेशन दोन मिलिसेकंदांत ‘चूक झाली’ असे उत्तर देऊ लागते आणि वेळेचा आलेख अचानक सुधारतो. म्हणून यशस्वी आणि फसलेल्या विनंत्यांचा वेळ वेगळा मोजतात. प्रोसेसर ८५ टक्क्यांवर गेला म्हणून मध्यरात्री फोन वाजवण्यापेक्षा, वापरणाऱ्याला मिळालेल्या सेवेवर इशारे बांधणे मला अधिक योग्य वाटते. ९९.९ टक्के वेळ सेवा सुरू ठेवण्याचे ठरवले, तर ३० दिवसांत ४३ मिनिटांच्या बिघाडाची मुभा मिळते. ही मुभा कोणत्या वेगाने संपत आहे, यावर इशारा लावता येतो: तासाभरात संपेल अशा वेगाला ताबडतोब फोन, आठवडाभरात संपेल अशा वेगाला सकाळी पाहायची नोंद.

इशारे नीट बांधले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चे आहे. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवला, पण एका सर्व्हरवर जुनाच राहिला. बाजार उघडल्यावर त्या सर्व्हरने सुमारे ४५ मिनिटे चुकीचे सौदे केले आणि कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अमेरिकी नियामकाच्या तपासात पुढे आले की, बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने या त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला आपोआप पाठवले होते. ते संदेश इशारे म्हणून योजलेले नव्हते आणि आल्यावर कुणी साधारणतः वाचतही नसे.

देखरेख करणारी यंत्रणाही अर्धवट बिघडते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनची एस३ ही साठवणसेवा काही तास विस्कळीत झाली, तेव्हा सेवांची प्रकृती दाखवणारे कंपनीचे पानही सुरुवातीला अद्ययावत करता येईना, कारण ते चालवणारी व्यवस्था एस३ वरच अवलंबून होती. त्याच्या चार आठवडे आधी, ३१ जानेवारीला, गिटलॅब या प्रोग्रामांचा मजकूर साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची माहिती चुकून पुसली गेली. बॅकअप शोधू लागल्यावर कळले की ते घेणारे साधन पोस्टग्रेएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीचे असल्याने दररोज अपयशी ठरत होते. अपयशाचे ईमेल जातही होते. पण ते आवश्यक प्रमाणीकरणाविना पाठवले जात असल्याने स्वीकारणारा मेल सर्व्हर ते परत लावत होता. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी होती, त्यामुळे नुकसान तेवढ्या तासांपुरते मर्यादित राहिले.

अशा मौनासाठी इशाऱ्याची दिशा उलटी करतात. बॅकअप फसला तर कळवा असे सांगण्याऐवजी, बॅकअप यशस्वी झाल्यावर प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या जाळ्यावरच्या यंत्राला खूण पाठवायची आणि ती ठरल्या वेळेत आली नाही तर त्या यंत्राने फोन वाजवायचा. देखरेख प्रणालीसाठीही असाच एक कायम वाजत राहणारा इशारा ठेवतात आणि तो थांबला की माणूस धावतो. पण ही खूण कधी पाठवायची, यालाही महत्त्व आहे. प्रोग्राम संपला एवढ्यावर ती पाठवली, तर रिकामी फाइलही यशस्वी गणली जाईल. म्हणून काही ठिकाणी बॅकअप रोज एका कोऱ्या सर्व्हरवर उतरवून, त्यात आदल्या दिवशीच्या नोंदी सापडल्यानंतरच ती पाठवली जाते.