इंग्लंडच्या गाववस्तीतील वृक्षसंरक्षण

इंग्लंडमधील गावात परसातले झाड घरमालकाचे असले, तरी ते तोडायची मुभा त्याला असतेच असे नाही. झाडाला संरक्षण मिळते ते त्याच्यावर वृक्षसंरक्षण आदेश निघाल्याने, किंवा ती जागा संवर्धन क्षेत्रात, म्हणजे वास्तू किंवा इतिहासाच्या दृष्टीने जपण्याजोग्या ठरवलेल्या परिसरात, येत असल्याने. दोन्हींचा आजचा आधार १९९० चा नगर व ग्राम नियोजन कायदा हा आहे. संवर्धन क्षेत्रे १९६७ पासून ठरवली जाऊ लागली. त्यांतील झाडांना संरक्षण १९७४ च्या कायद्याने मिळाले.

आदेश स्थानिक कौन्सिल काढते. झाड सार्वजनिक जागेवरून दिसते का, परिसराला त्याने शोभा येते का, हे पाहिले जाते. जातीचे किंवा जाडीचे बंधन नाही. कुंपणाची झुडपे मात्र यात येत नाहीत. आदेश तात्पुरता लगेच लागू होतो आणि सहा महिन्यांत कायम न केल्यास ते तात्पुरते संरक्षण संपते. हरकतींसाठी किमान २८ दिवस देतात. आदेशाच्या नकाशावर ‘क्षेत्र’ म्हणून (हे संवर्धन क्षेत्र नव्हे) दाखवलेल्या जागेत फक्त आदेशाच्या दिवशी उभी असलेली झाडे धरली जातात, वनराई म्हणून दाखवलेल्या जागेत मात्र नंतर उगवलेली रोपेही.

आदेशाखालच्या झाडाला हात लावायचा तर ठरावीक नमुन्यात अर्ज करावा लागतो. शुल्क नाही, निर्णयाची मुदत आठ आठवडे. ‘झाड छाटायचे आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज परत येतो. कोणते झाड, कोणत्या बाजूच्या फांद्या, किती मीटर आणि का, हे लिहून सोबत रेखाटन जोडावे. कारण रोगाचे किंवा घराचा पाया खचल्याचे असेल, तर तज्ज्ञाचा लेखी अहवाल लागतो. नकार मिळाल्यास २८ दिवसांत अपील करता येते.

संवर्धन क्षेत्रात अर्जाऐवजी सहा आठवड्यांची पूर्वसूचना पुरते. इथेच गल्लत होते: कौन्सिल या सूचनेला नकार देऊ शकत नाही की अटी घालू शकत नाही, झाड वाचवायचे तर तिला वृक्षसंरक्षण आदेशच काढावा लागतो. सहा आठवडे उत्तर न आल्यास काम करता येते, पण सूचनेपासून दोन वर्षांच्या आत. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरहून कमी व्यासाच्या झाडाला सूचना लागत नाही. व्यास मोजणे अवघड वाटल्यास बुंध्याभोवती टेप गुंडाळावी. घेर साडेतेवीस सेंटिमीटरच्या आसपास भरला, तर झाड या सीमेवर आहे.

जिवंत झाडावरच्या वाळक्या फांद्या काढायला परवानगी लागत नाही. वठलेले झाड पाडायचे तर पाच कामाचे दिवस आधी लेखी कळवावे लागते; धोका तातडीचा असेल तर शक्य तितक्या लवकर. झाड खरोखर वठले होते किंवा धोकादायक होते, हे सिद्ध करणे तोडणाऱ्यावर येते, म्हणून आरी चालवण्याआधी बुंध्याचे, पोकळीचे आणि फांद्यांचे फोटो काढून ठेवावेत. मुळे तोडणे हेही उल्लंघनच; पाइप टाकण्यासाठी खणलेल्या चराने ते नकळत घडते. पक्ष्यांची घरटी आणि वटवाघळांच्या वसतीला वेगळे संरक्षण आहे, ते परवानगी मिळाल्यावरही कायम राहते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातला १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा साग, चंदन, आंबा, फणस, चिंच अशी ठरावीक जातींची यादी देतो. इंग्लंडच्या गावात जात महत्त्वाची नसते.

परवानगीविना झाड नष्ट केल्यास दंडाला कमाल मर्यादा नाही, आणि तोडल्याने मिळालेला आर्थिक लाभ न्यायालय विचारात घेते. आदेश असल्याचे ठाऊक नव्हते हा बचाव चालत नाही. त्याच जागी योग्य जातीचे आणि आकाराचे नवे झाड लावणेही बंधनकारक असते. घर विकले तर ते बंधन नव्या मालकावर जाते.