पक्ष्यांची धडक (विमानवाहतूक)

उडत्या किंवा धावपट्टीवरून धावणाऱ्या विमानावर पक्षी आदळणे. धोका जवळजवळ विमानाइतकाच जुना आहे. ऑरव्हिल राइट यांच्या विमानाला १९०५ मध्येच पक्षी धडकला; १९१२ मध्ये कॅलिफोर्नियात कुरव पक्षी आदळून कॅल रॉजर्स हा वैमानिक मरण पावला.

वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, म्हणून किलोभराचा पक्षीही जड जातो. बहुतेक धडका उड्डाण व उतरण्याच्या वेळी, जमिनीजवळ होतात. अपवाद आहेतच: १९७३ मध्ये आयव्हरी कोस्टवर एक गिधाड चक्क ३७,००० फुटांवर विमानाच्या इंजिनात सापडले.

जेट इंजिनात शिरलेला पक्षी आधी पुढच्या पंख्यावर आपटतो. त्याचे तुकडे बाहेरच्या झोताबरोबर निघून गेले तर बरेचदा निभावते. इंजिनाच्या आतल्या गाभ्यात गेले तर कॉम्प्रेसरची (हवा दाबणाऱ्या भागाची) पाती वाकतात, हवेचा प्रवाह बिघडतो, धडाधड आवाज होऊन ज्वाळा निघतात आणि जोर ओसरतो. प्रमाणपत्रासाठी चालू इंजिनात मेलेले पक्षी डागून चाचणी घेतात. मोठ्या पक्ष्यासाठीचे वजन इंजिनाच्या तोंडाच्या आकारानुसार १.८५ ते ३.६५ किलो असते. मात्र या चाचणीत इंजिन चालू राहावे अशी अपेक्षाच नसते. ते न फुटता, आग न पसरवता बंद करता आले की पुरे.

एक इंजिन गेले तरी प्रवासी विमान उडत राहू शकते. खरी भीती थव्याची, कारण थवा एकाच वेळी अनेक इंजिनांत शिरतो, तोही उंची हाताशी नसताना. १९६० मध्ये बोस्टनला साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांचा थवा चार इंजिनांच्या विमानाच्या वाटेत आला. पक्षी मूठभर आकाराचे, पण ७२ पैकी ६२ जण दगावले. इंजिनांच्या पक्षीचाचण्यांचे निकष त्यानंतरच आखले गेले. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर सुमारे २,८०० फुटांवर हंसांच्या थव्याने एका एअरबसची दोन्ही इंजिने निकामी केली. विमान हडसन नदीत उतरवले गेले आणि सर्व १५५ जण वाचले. २०१९ मध्ये मॉस्कोजवळ कुरव पक्ष्यांमुळे असेच होऊन विमान मक्याच्या शेतात उतरले, तेथेही जीवितहानी झाली नाही.

विमानतळांवर आवाज करून पक्षी उडवणे, गवत व पाणथळ जागा आटोक्यात ठेवणे, शिकारी ससाणे सोडणे असे उपाय होतात. हडसनच्या प्रकरणात त्यांची मर्यादाही दिसली. इंजिनांतील पिसांची तपासणी अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेत झाली, तेव्हा ते हंस शहरात मुक्कामी असलेले नसून स्थलांतर करणारे निघाले; वरून जाणाऱ्या अशा पक्ष्यांपर्यंत विमानतळावरचे उपाय पोहोचत नाहीत.